चाचणीची वस्ती

इतिहासाच्या सरांना शाळेत सगळे ‘खापरसर’ म्हणत. सरांच्या कपाटात पुस्तकांपेक्षा फुटक्या मडक्यांच्या खापऱ्या जास्त, त्यावरून नाव पडलं ते चिकटलंच. आपल्याला हे नाव मुळीच आवडत नाही असं दाखवायची सरांची रीत होती. खरं तर नव्या वर्गातल्या कुणाच्या तोंडून पहिल्यांदा ‘खापरसर’ निसटलं आणि त्यानं जीभ चावली, की सरांचा तो दिवस मजेत जायचा.

आठवीचा इतिहास हा तसा झोपेसाठी राखून ठेवलेला विषय. त्यातून तास मधल्या सुट्टीनंतरचा, पोटं भरलेली, डोळे जड. पण गेली काही वर्षं त्या तासाला मुलं जिन्यावरून धावत जात आणि मुख्याध्यापिकाबाई दारात येऊन ‘हळू’ म्हणून ओरडत. कारण तो तास संगणकाच्या खोलीत भरे आणि तिथे ‘पांढर’ असे. जिथं वस्ती नांदून उठून गेली तिथली माती राखेनं, केरकचऱ्यानं पांढुरकी होते. तिला पांढर म्हणतात, आणि खेळाचं नाव तेच. ते सरांच्या बायकोनं ठेवलं होतं. खेळही तिच्याच डोक्यातून निघाला होता.

ती उत्खननांवर चित्रं काढायची. लोकांना वाटतं, जमीन उकरली की सोन्याचे हंडे निघतात. निघतात खापऱ्या, पाट्याच्या पाट्या भरून. त्यातल्या एकेका तुकड्याचा काठ मोजून, बाक पाहून हे मडकं अख्खं असताना कसं दिसत असेल ते कागदावर उभं करायचं, हे तिचं काम. डोळे पार शिणून गेले पण कंटाळली नाही. मुलांना हे खड्ड्यात नेऊन दाखवता येत नाही, निदान पडद्यावर तरी दाखवू, असं तिच्या मनानं घेतलं. संगणकाचं सगळं तिच्या बहिणीच्या मुलीनं केलं. मावशीनं सांगायचं, भाचीनं लिहायचं, आणि सरांनी आरामखुर्चीत बसून उंटावरून शेळ्या हाकायच्या, अशी तिघांची वाटणी होती.

खेळाचे दोन भाग. पहिल्या भागात एक तुकडी वस्ती करून राहते. घर बांधायचं, पाणी भरायचं, पेरायचं, चूल पेटवायची. मडकी फुटतात, केर घरामागच्या उकिरड्यावर जातो. वर्ष सरलं की ती वस्ती मुरत घालायची, म्हणजे संगणक तिच्यावरून दोन हजार वर्षं फिरवतो. छपरं बसतात, लाकूड कुजतं, कापड नाहीसं होतं, वरून माती येऊन टेकाड होतं. उरतात दगड, राख, हाडं आणि भाजलेली माती. मग दुसरी तुकडी, जिनं ती वस्ती कधी पाहिलेली नाही, ती उकरायला बसते. इथं कोण राहत होतं, काय खात होतं, कशावरून भांडत होतं, ते उरल्यासुरल्यावरून सांगायचं.

शेवटी ‘रहिवाशांचा तास’. राहिलेली तुकडी पुढच्या बाकावर येऊन बसते, खोदणारे त्यांच्या तोंडावर त्यांचं वर्णन करतात, आणि मग रहिवासी खरं काय ते सांगतात. तेव्हा हसून हसून पुरेवाट होते. एकदा एका मुलीनं कंटाळा आला म्हणून दाराशी दगड ओळीनं रचले होते. खोदणाऱ्यांनी त्याचं देऊळ करून टाकलं, वर पुजारीही नेमला.

“ज्याचा अर्थ लागत नाही ते देवाधर्माचं,” सरांची बायको म्हणायची. “मोठी मोठी माणसंसुद्धा हेच करतात. पोरांना कशाला नावं ठेवायची?”

एका बाबतीत मात्र ती कुणाचं ऐकेना. ‘पांढर’मध्ये मागे फिरायचं बटण नाही. उकरलं ते उकरलं. एक थर काढल्याशिवाय खालचा दिसत नाही आणि काढलेला पुन्हा लावता येत नाही.

“मावशी, मुलं रडतील गं,” भाची म्हणाली होती.

“रडू देत. मी चांगल्या बाप्यांना खड्ड्यात बसून रडताना पाहिलंय. खोदलं की संपतं, आणि नाही खोदलं तर मुकं राहतं. हेच तर शिकवायचंय. ते बटण दिलंस तर मग उरलं काय? चोर-शिपाई?”

दुसरा नियमही तिचाच. खोदताना मधोमध एक पट्टी न उकरता ठेवायची, पुढं कुणी आपल्यापेक्षा शहाणा आला तर त्याला तपासता यावी म्हणून. शेवटी खेळच विचारतो, ‘उरलेली पट्टी उकरायची की राहू द्यायची?’ दर वर्षी या पट्टीवरून मुलांची सरांशी हुज्जत होते, आणि दर वर्षी सर जिंकतात.

शाळेत आणण्याआधी खेळ कुणीतरी खेळून पाहायला हवा होता. म्हणून नवरा-बायकोनं घरी एक वस्ती केली, चाचणीची. संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर समोरासमोर बसायचं, ती लॅपटॉपवर, सर जुन्या संगणकावर. खेळात ज्याचं त्याचं वाडगं असतं. तिच्याला तांबडा काठ, सरांच्याला काळा. कुऱ्हाड, घागर, शेताचा बांध, सगळ्यावर ज्याच्या त्याच्या रंगाची खूण. रोज वाडग्यात जेवण पडलं पाहिजे. माणूस खेळायला आला नाही तरी त्याचं सोंगटं घरात असतंच, त्याला कुणीतरी वाढावं लागतं. नाही वाढलं तर ते उपासानं मरतं आणि अंगणात पुरावं लागतं. कुणीच खेळायला आलं नाही तर मात्र वस्तीतला काळ जागच्या जागी थांबतो.

सर त्या वस्तीत अगदी कुचकामी निघाले. चुलीवर धान्य चढवून दार कुणी वाजवलं म्हणून उठायचे ते गप्पा मारून परत येईपर्यंत सगळं करपून राख. दर करपण्यागणिक ती मातीचं एक मांजर करून फळीवर ठेवायची. त्या मांजराला कान एकच.

“दुसरा कान कुठंय?” सरांनी विचारलं.

“गुरुजी, तुम्ही एकाच कानानं ऐकता ना, म्हणून.” शाळेतला माणूस म्हणून ती त्यांना थट्टेनं गुरुजी म्हणायची, आणि लग्नाला इतकी वर्षं झाली तरी त्या थट्टेला गंज चढला नव्हता.

मग तिचं दुखणं आलं. हात थरथरायला लागले, पडद्यावरचा बाण धरवेना. सरांनी खेळातली चूल उचलून तिच्या खाटेशेजारी नेली, पाण्याचा रांजणही जवळ आणला, म्हणजे तिला बाण फार लांब न्यायला नको. पुढं दुखणं वाढलं आणि सरांना ते जमेना. खऱ्या घरात औषधांचा वास भरलेला असताना खोट्या चुलीत लाकडं कशी सारायची? “माझ्याच्यानं नाही होत आता हे,” ते एका संध्याकाळी म्हणाले. ती म्हणाली, “बरं.” तेवढंच. त्यानंतरही लॅपटॉप तिच्या मांडीवर दिसे, पण सरांना वाटे, जुनी चित्रं चाळत असेल.

ती गेल्यावर भाचीनं लॅपटॉपमधलं सगळं शाळेच्या संगणकावर नेलं, त्यात चाचणीची वस्तीही गेली. सरांनी ती उघडली नाही. एक तर ती शेवटची गोष्ट होती जी तिनं स्वतःच्या हातानं केली होती. आणि दुसरं म्हणजे त्यांना खात्री होती की आत आपलं सोंगटं कधीच उपाशी मेलं असणार, अंगणात पुरलेलं असणार, आणि घरात एकच तांबड्या काठाचं वाडगं असणार. ते बघायची हिंमत नव्हती. तरीही ती वस्ती तिथं आहे, जशीच्या तशी आहे, यावर त्यांचे दिवस चालले होते. कधीतरी उघडू, असं ते स्वतःला सांगत. झाकली मूठ सव्वा लाखाची.

आता चूक कशी झाली ते ऐका, कारण ती चूक असल्याच माणसांच्या हातून व्हायची. वर्षाच्या सुरुवातीला मुरत घालायला एक वस्ती हवी होती. शाळेत आधीच्या तुकड्यांच्या दोन-तीन पडून होत्या. सरांनी भाचीला फोन केला, “त्यातली सगळ्यात जुनी घे.” इतिहासाचा माणूस, जुनं म्हटलं की त्याला बरं वाटतं. त्यांच्या डोक्यात मुलांच्याच वस्त्या होत्या. भाचीनं मशीन उघडलं तर सगळ्यात जुनी चाचणीची. तिचा हात थबकला. तिला वाटलं, काकांनी अखेर मन घट्ट केलेलं दिसतंय. आपण ‘नक्की ना?’ म्हणून विचारायचं म्हणजे खपली काढायची. म्हणून बिचारीनं विचारलं नाही. डोळे पुसले आणि वस्तीवरून दोन हजार वर्षं फिरवली.

आठवीच्या वर्गानं मग खोदायला सुरुवात केली. या वर्गात दोन म्होरके होते. एक मुलगा, त्याला सगळे ‘घूस’ म्हणत, कारण तो माती दिसली की थेट खाली जायचा. दुसरी ‘वकील’. ती मुलगी कुणाचंही म्हणणं पुराव्याशिवाय मान्य करायची नाही, घरी आईचंसुद्धा नाही. संगणक वेगवेगळे असले तरी टेकाड एकच, त्यामुळे घुशीनं कोपऱ्यात बिळं पाडली की वकिलीणबाईचा आवाज खोलीभर व्हायचा.

त्या दुपारी घूस एकदम ओरडला, “सर! जळकं धान्य! शत्रूनं गाव जाळलं!”

“भिंत जळलीय का?” वकिलानं मान न वळवता विचारलं.

“नाही.”

“मग शत्रू नुसता चुलीवर चालून आला होता का?”

वर्ग खो खो हसला. सरही हसत हसत घुशीच्या खुर्चीमागे जाऊन उभे राहिले. “थर बघ. एकदाच जळलंय की पुन्हा पुन्हा?”

“पुन्हा पुन्हा, सर. एकावर एक थर आहेत. म्हणजे शत्रू फार वेळा आला.”

“म्हणजे स्वयंपाक करणारा गाढव होता,” वकील म्हणाली.

सरांचं हसू ओठांवर होतं तेवढ्यात घुशीनं आणखी एक घाव घातला आणि मातीतून काहीतरी वर आलं. “सर, मांजर! आणखी एक! पण याला पण एकच कान!”

सर पुढं वाकले. त्यांचे डोळे पडद्यावरून फिरू लागले. दाराची ती दगडी चौकट, सरांनीच उलटी बसवलेली. भिंतीतला तिरका कोनाडा, जो तिनं तिरका झाला म्हणूनच ठेवला होता. पुढची खोली निम्मी उकरून संपली होती. मांजरांची जी फळी त्यांनी कधीतरी बघायची म्हणून राखून ठेवली होती तिथं नुसता खड्डा होता.

“थांबा,” सर म्हणाले. “सगळ्यांनी हात खाली ठेवा.”

“सर, पण हे देऊळ आहे! मांजरदेवीचं!”

“हात खाली ठेवा म्हटलं ना!”

खापरसर ओरडले हे मुलांनी पहिल्यांदाच ऐकलं.

व्हरांड्यात जाऊन त्यांनी भाचीला फोन लावला. तिला सगळा उलगडा व्हायला वेळ लागला नाही.

“मूळ कुठं आहे का दुसरीकडं?” सरांनी विचारलं.

“नाही काका. मुरत घातली की तिचंच हे होतं. मावशीनंच तसं करायला लावलं होतं. म्हणाली, खऱ्या गावाची दुसरी प्रत असते का?” तिचा आवाज फुटला. “काका, मी विचारायला हवं होतं. तुमचं मन दुखेल म्हणून…”

“तुझी चूक नाही. मीच तोंड वर करून जुनी घे म्हणालो.”

“जे उकरलं नाहीये ते तसंच राहील. कुणी हात लावला नाही तर कायम.”

दुसऱ्या दिवसापासून आठवीचा इतिहास पुन्हा वर्गात भरला. सर पुस्तकातून वाचून दाखवू लागले, मागची बाकं पेंगू लागली. मुलांच्या मते हा सगळा घुशीच्या मांजरदेवीचा कोप होता आणि घूस चेहरा पाडून बसे. सरांना मुलांची दया येत होती. पण त्याहून जास्त त्यांना त्या निम्म्या खोलीची काळजी होती. शाळा सुटल्यावर ते संगणकाच्या खोलीत जाऊन ते अर्धवट टेकाड बघत बसत. काहीच दिसत नसे. माती ती माती.

आठवड्याअखेर वकील शिक्षकांच्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली.

“सर, आमचं काही चुकलं का?”

“नाही.”

“मग बंद का? आम्हाला दोन वाडगी मिळाली होती. तुकडेच, पण दोन. काळ्या काठाचं आणि तांबड्या काठाचं. म्हणजे दोघंजण होते.” ती पुढं सरसावली. “अर्धवट सोडलं तर ते दोघं कोण होते ते कुणालाच कळणार नाही. मग ते राहिले काय आणि नाही राहिले काय, सारखंच की!”

“आणि उकरलं तर संपेल, त्याचं काय?”

“मग नीट उकरू. घुशीला मी बांधून ठेवते.”

सरांना हसू आलं. ‘नाही खोदलं तर मुकं राहतं.’ ज्या बाईनं आयुष्यभर फुटक्या काठांवरून अख्खी मडकी उभी केली, तिची वस्ती आपण मातीखाली दाबून ठेवायची, तीही आपल्याला भीती वाटते म्हणून? ती असती तर म्हणाली असती, गुरुजी, दुसराही कान उघडा आता.

“उद्या संगणकाच्या खोलीत या,” सर म्हणाले. “पण हळू. कुंचल्यानं. कुदळीला हात लावाल तर याद राखा.”

मुलांनी यावेळी जे खोदकाम केलं त्याला तोड नव्हती. घूससुद्धा इंचाइंचानं गेला, जीभ दातात धरून. मागच्या खोलीत खाटेचे चार दगडी पाय निघाले आणि त्यांना जवळजवळ खेटून चूल. वकील बराच वेळ त्याकडं बघत राहिली. चूल आधी पुढच्या खोलीत होती, तिथली राख जुनी होती. मग कुणीतरी ती खाटेपाशी आणली. झोपायच्या जागी कुणी धूर करून घेतं का?

“थंडी असेल,” घूस म्हणाला.

“मग दोघांच्या खाटा तिथं असत्या. खाट एकच आहे. रांजणही खाटेशीच आहे.” तिनं विचार केला. “इथं कुणीतरी आजारी होतं. त्याला उठवत नव्हतं.”

सर खिडकीशी गेले आणि बाहेरच्या मैदानाकडं बघत राहिले. तेराएक वर्षांची पोर, तिनं चार दगड आणि एक रांजण बघून घरातलं दुखणं ओळखलं होतं.

मग उकिरडा आला. उकिरडा हे घरातलं सगळ्यात खरं बोलणारं ठिकाण, असं सर दर वर्षी शिकवत. खाली जुनं, वर नवं. खालच्या थरात दोन्ही काठांच्या खापऱ्या मिसळून होत्या, काळा, तांबडा, तांबडा, काळा. सरांना पुढचं माहीत होतं. चूल हलवल्यानंतरच्या राखेवर थोड्या वेळानं काळा काठ थांबणार. त्यांनी मन घट्ट करून ठेवलं होतं.

“सर, सगळ्यात वरचा थर. तांबडा,” वकील म्हणाली. “आणि काळा.”

“नीट बघ. तो खालचा असेल, घसरून वर आला असेल.”

“नाही सर. वरचाच.”

“पुन्हा बघ.”

“सर, मी दोनदा बघितलं!” वकिलीणबाई चिडली. “अगदी शेवटपर्यंत दोन्ही आहेत. हा बघा शेवटचा थर, याच्यावर मातीच आहे. तांबडा एक, काळा एक.”

सर वाकून बघत राहिले. काळ्या काठाचे ताजे तुकडे, भातुकलीतल्यासारखे स्वच्छ. ते स्वतः त्या घरात पाऊल टाकत नव्हते त्या दिवसांतले. म्हणजे रोज थरथरत्या हातानं बाण सरकवत ती आधी आपलं वाडगं भरत होती आणि मग त्यांचं. वाडगं फुटलं की दुसरं करत होती, आणि त्यालाही काळा काठ काढत होती. ‘बरं’ म्हणाली होती, आणि मग हे करत बसली होती. सरांना रडू आलं, आणि त्यांनी ते चष्मा पुसण्याच्या निमित्तानं उरकलं.

“अंगणात काही?” त्यांनी विचारलं. “हाडं?”

“माणसाचं एकही नाही,” घूस म्हणाला. “सगळं अंगण बघितलं, सर. इथं कुणी मेलंच नाही.”

रहिवाशांच्या तासाला वर्ग नटूनथटून बसला. पुढचा बाक रिकामा ठेवलेला. मुलांनी तर्क लढवले होते की रहिवासी म्हणजे आता दहावीत गेलेली कुठलीतरी जोडी असणार, आणि घुशीला त्यातल्या स्वयंपाक्याला गाढव म्हणायचं होतं. पण बाकावर कुणी आलं नाही.

“रहिवासी नंतर,” सर मागच्या भिंतीपाशी उभे राहून म्हणाले. “आधी तुमचं सांगा.”

वकील उठली. तिनं घसा साफ केला.

“इथं दोन माणसं राहत होती. श्रीमंत नव्हती. एकाला स्वयंपाक येत नव्हता, तरी दुसऱ्यानं त्याला चुलीवरून काढलं नाही. मांजरं देवीची असावीत असं आमच्यातल्या काहींचं म्हणणं आहे,” तिनं घुशीकडं पाहिलं, “माझं नाही. मग एकजण आजारी पडलं. आम्हाला वाटतं, काळ्या काठाचं. कारण शेवटी शेवटी त्या माणसाची कुऱ्हाड वापरलेली नाही, त्याचं शेत पडीक आहे, त्यानं पाणी भरलेलं नाही. पण त्याचं वाडगं रोज वापरलेलं आहे. म्हणजे ते काम करू शकत नव्हतं, आणि तांबड्या काठाच्या माणसानं त्याला शेवटपर्यंत जेवू घातलं. पुढं काय झालं ते सांगता येत नाही. हाडं नाहीत. दोघं जिवंत असतानाच कुठंतरी गेली.” ती थांबली. “बरोबर आहे का ते रहिवाशांनी सांगावं.”

सर भिंतीपासून निघाले, बाकांच्या मधून पुढं आले आणि रहिवाशांच्या बाकावर बसले.

कुणीतरी हसलं. मग कुणीच हसेना.

“काळ्या काठाचं वाडगं माझं,” सर म्हणाले.

घुशीचं तोंड उघडं पडलं. स्वयंपाक्याबद्दलचं वाक्य त्यानं गिळून टाकलं.

“म्हणजे तुम्ही आजारी होता?” वकिलानं हळूच विचारलं.

“नाही. आजारी ती होती. तांबडा काठ. खाट तिची, चूल मी हलवली.”

“मग आमचं उलटं झालं.” तिचा चेहरा पडला. “पण मग तुमचं वाडगं? तुम्ही काम तर काहीच करत नव्हता.”

“मी नव्हतोच घरात. मी खेळणं सोडलं होतं. मला वाटलं होतं, माझं सोंगटं उपाशी मेलं असेल.” सरांनी हात गुडघ्यांवर ठेवले. “तिचे हात थरथरायचे. पाण्याचा पेलासुद्धा धरवत नव्हता. तरी ती रोज मला वाढत होती, आणि मला कधी बोलली नाही. हे मला तुम्ही उकरलंत तेव्हा कळलं. त्याच्याआधी मला ठाऊक नव्हतं.”

वकील अजून उभीच होती, बसायचं तिच्या ध्यानात राहिलं नव्हतं.

“म्हणून तुमचं उलटं नाही झालं,” सर म्हणाले. “काठ बदलले, एवढंच. बाकी सगळं बरोबर आहे. पैकीच्या पैकी.”

“आणि मांजरं?” घुशीनं भीत भीत विचारलं.

“माझ्यावर रागावली की करायची. दर करपण्याला एक.”

“म्हणजे स्वयंपाकी…” घूस म्हणाला आणि गप्प बसला.

“गाढव होता,” सरांनीच पुरं केलं, आणि वर्गाला हसायला परवानगी मिळाली.

हसणं ओसरलं तसा पडद्यावर खेळाचा शेवटचा प्रश्न आला. ‘उरलेली पट्टी उकरायची की राहू द्यायची?’ पट्टी खाटेच्या बरोबर मधून गेली होती. सगळ्यांनी सवयीनं घुशीकडं पाहिलं, कारण उकरायचं म्हटलं की मक्ता त्याचा. सरांनीही पाहिलं. यावेळी त्यांच्याजवळ वाद घालायला काहीच नव्हतं. उकरा म्हणाला असता तर त्यांनी उकरू दिलं असतं.

घुशीनं पडद्याकडं पाहिलं, मग बाकावर एकट्याच बसलेल्या सरांकडं. बाक दोघांचा होता आणि सर एका कडेला बसले होते, दुसऱ्याला जागा ठेवून बसावं तसे.

“राहू दे,” तो म्हणाला, आणि त्यानं बटण दाबलं.